आमरस गाडीचा इंडिकेटर

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

ही वही फ्रँकची. गाडीला हात लावला की त्या दिवशी वहीत लिहायचं, एक स्क्रू आवळला तरी लिहायचं, असा त्याचा नियम होता. सव्वीस वर्षं त्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं. फेब्रुवारीत तो गेला. त्यापुढची पानं कोरी आहेत आणि दोष माझा आहे, कारण गाडीचं वायरिंग सगळं माझं. आजपासून मी लिहितो. मराठीत लिहितो, फ्रँकला चाललं असतं.

नोंद नीट असावी म्हणून आधी गाडीबद्दल. ९७ साली पुण्याच्या एका माणसाकडून फायबरची बॉडी सुट्या भागांत, चार खोक्यांतून, टेम्पोने दादरला आली. दोन माणसांची, बिनटपाची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग जुन्या फियाटचं. खालचा सांगाडा फ्रँकने स्वतः वेल्ड केला. तो गोदीत फिटर होता, हात असा की वेल्डवर नख फिरवलं तर अडकू नये. मी लालबागचा साऊंडवाला. मंडळांचे स्पीकर लावणारा, कुठल्याही शाळेत न शिकलेला. आमची ओळख दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या फेस्टला, म्हणजे जत्रेला झाली. मी भोंगे बांधत होतो आणि हा माणूस खाली उभा राहून माझ्या गाठी तपासत होता. मग सांगाड्यापासून कागदपत्रांपर्यंत दोघांनी मिळून बारा वर्षांत गाडी रस्त्यावर आणली. रंग असा की वाडीतली पोरं तिला आमरस म्हणतात.

आज काय झालं ते. फ्रँकने हौसेने लहान स्टिअरिंग बसवलं तेव्हा इंडिकेटरची काडी गेली. काडी असलेल्या गाडीत वळण संपून चाक सरळ झालं की ती आपोआप मागे येते. आमरसला डॅशबोर्डवर साधा स्विच आहे, चावीविना चालणारा, वर डावं, खाली उजवं, बंद आपणच करायचं. मी आज श्रेयाला बाजूला बसवून परळकडे येत होतो. टिळक ब्रिज उतरून उजवीकडे वळलो आणि उजवा दिवा तसाच चालू राहिला. हिंदमातापुढे मी बससाठी डावीकडे सरकलो. मागच्या स्कूटरवालीला वाटलं मी उजवीकडे जातोय, ती डावीकडून पुढे निघाली आणि पडली. गुडघा खरचटला, चप्पल तुटली. बाकी काही नाही.

श्रेया म्हणते, "पप्पा, मी दोनदा सांगितलं, इंडिकेटर चालू आहे." नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. माझा कान म्हणजे मीटर, असं सगळ्या लालबागेत म्हणतात.

गाडी फ्रँकच्या दादरच्या वाडीतल्या शेडमध्ये लावून घरी आल्यावर तिने चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणाली, आठवण करून देणारं यंत्र बसवा, ते चालतंय हे मला दाखवा, मग चावी. चोवीस वर्षांची पोर, विमा कंपनीत काम करते, बोलते अगदी साहेबासारखी.

आणि मला चावी पाहिजे. २४ नोव्हेंबरला फ्रँक आणि मॉड आंटींच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. गिरगावातल्या ज्या चर्चमध्ये लग्न लागलं तिथे आंटींना आमरसमधून न्यायचं, हे फ्रँकने कधीच ठरवलं होतं. जायच्या चार दिवस आधी मला म्हणाला, मी नसलो तर तू ने. डावा हात माझ्या खांद्यावर होता. मी हो म्हटलं.

चार आठवडे आहेत.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

सर्किट कागदावर तयार. लिहून ठेवतो, पुढे कुणाला दुरुस्त करायची वेळ आली तर.

डाव्या आणि उजव्या दिव्याच्या तारेतून एकेक फांदी घ्यायची, प्रत्येकीत एक डायोड. डायोड विसरला तर डावा दिवा लावल्यावर उजवाही पेटेल. दोन्ही फांद्या एका टायमरला. दिवा सतत वीस सेकंद मिचमिचत राहिला की टायमर बजर वाजवणार.

पण सिग्नलला उभं राहिलो तर? हिंदमाताला दीड-दीड मिनिट जातं, तितका वेळ बजर डोकं खाईल. म्हणून ब्रेकच्या दिव्याची तार टायमरला जोडली. पाय ब्रेकवर आहे तोवर मोजणी शून्यावर. हे बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत नसतं. फ्रँक असता तर त्याने पाचही बोटं एकत्र करून ओठांना लावली असती.

कमल दिवाळीचा फराळ करता करता तीनदा खोलीत येऊन समोर उभी राहून बोलून गेली. हल्ली ती समोर आल्याशिवाय बोलतच नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आता कुठे बाईला माझं तोंड बघावंसं वाटतंय.

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी पार पडली. यंदा फटाके कमी वाजले, तेवढं बरं.

सर्किट सोल्डर केलं. एकही थेंब जादा नाही. बजर लॅमिंग्टन रोडवरून आणला, छोटा, काळा, तीन हजार हर्ट्झचा. मुद्दाम बारीक आवाजाचा घेतला, कारण उघड्या गाडीत इंजिन आणि वारा दोन्ही जाड आवाजाचे असतात, बारीक आवाज त्यांच्यातून सुईसारखा निघतो. हे तीस वर्षांच्या अनुभवातून सांगतो. नवरात्रात मंडळाच्या पोरांनी कटकट केली होती, "रामूदादा, शार्प कमी करा, कानाचे पडदे फाटतायत." मी कमी केला नाही. शार्प म्हणजे बारीक सूर, त्याशिवाय शब्द कळत नाहीत. आता ऐकतोय की दत्तजयंतीला त्यांनी दुसरा साऊंडवाला सांगितलाय. सांगू देत.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दादरला शेडमध्ये यंत्र बसवलं. बजर खराब निघाला. दिवा मिचमिचतोय, वीस सेकंद झाले, तीस झाले, बजर गप्प. तारा तपासल्या, बारा व्होल्ट बरोबर येतायत.

तेवढ्यात वाडीचा वॉचमन कोंडीराम धावत आला आणि कानावर हात ठेवून काहीतरी बोलायला लागला. त्याला वाडीत कुणी हॉर्न वाजवलेला चालत नाही, त्याबद्दलच असणार. मी हात वर करून हो हो म्हटलं. तो शेजारच्या बंगल्याकडे बोट दाखवत राहिला. माणूस भला, पण डोक्याने जरा चक्रम.

बजर काढला. उद्या दुसरा.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दुसराही तसाच. तिसरा आणला, त्यावर जपानी अक्षरं आहेत. तोही कान अगदी जवळ नेला तर किंचित किरकिरल्यासारखा वाटतो, बस. पूर्वी बाजारात शंभर बजर घेतले तर एक खराब निघायचा.

फ्रँकची जुनी पानं चाळली. १४ मार्च २००३: 'रामूने हेडलाइटची तार तीनदा बदलली. चौथ्यांदा बदलणार आहे. त्याला जेवायला घातलं.' आम्ही दिवसभर शेडमध्ये असायचो आणि मॉड आंटी खिडकीतून ताटं द्यायच्या. फ्रँकची एक सवय होती. बोलायच्या आधी माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक करायचा. दोनदा. मग मी वळायचो, मग बोलायचा. सव्वीस वर्षांत एकदाही मागून हाक मारली नाही त्याने. काही माणसांना हाताने बोलायची सवय असते.

तिसरा बजर बसवून टाकला. किरकिर तर किरकिर.

रविवार, १० नोव्हेंबर

आज एक गोष्ट चोरून केली. आंटींकडे दुसरी चावी आहे. रविवारचा मास, म्हणजे चर्चची प्रार्थना, सुटल्यावर त्यांना म्हटलं, एक चक्कर मारू, यंत्राची चाचणी होईल. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि येऊन बसल्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, दार न उघडता पाय टाकून आत आली असती, मीच दार उघडलं.

पोर्तुगीज चर्चपासून शिवाजी पार्कला तीन फेऱ्या, मग प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या मागून परत. अकरा किलोमीटर, एकवीस वळणं. बजर एकदाही वाजला नाही. म्हणजे मी एकदाही विसरलो नाही. दर वेळी चाक सरळ झालं आणि पाहिलं तर स्विच मधोमध. हाताला वळण लागलं की डोक्याला कळतसुद्धा नाही.

आंटींचा हात सारखा डॅशबोर्डवर. कधी इथे ठेवायच्या, कधी तिथे. फ्रँकने स्वतः घासून पॉलिश केलेलं लाकूड आहे ते, आठवण येत असणार. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

उतरताना त्या माझ्याकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. म्हटलं, काय आंटी? तर म्हणाल्या, काय नाय रे, तू चांगली चालवतोस.

श्रेयाला आता दाखवायला हरकत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

श्रेयाने ऑफिसातून लवकर येऊन चाचणी घेतली. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, लहानपणी परीक्षेचा निकाल ऐकताना बसायची तशी. दादर ते प्रभादेवी, तिथून वळून परत.

शेडमध्ये इंजिन बंद केलं. माझ्याकडे पूर्ण वळून, सावकाश म्हणाली, "पप्पा, बजर किती वेळा वाजला?"

"एकदाही नाही."

"पाच वेळा. कॅडेल रोडला तर दोन सिग्नल पार होईपर्यंत वाजत होता. लोक बघत होते आपल्याकडे."

मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. जन्मात कधी तिला असं म्हटलं नव्हतं. ती रडली नाही. तिने स्विच खाली केला, वीस सेकंद गेले, आणि मग तिने कोंडीरामकडे बोट केलं. तो फाटकाजवळ पंधरा पावलांवर होता. दोन्ही कानांत बोटं घालून उभा.

येताना टॅक्सीत कुणीच बोललं नाही. किंवा बोललं असेल.

दोघं मिळून माझी थट्टा करत असतील असा एक विचार आला. उद्या मीटर लावतो. तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, भांडू नका, कान खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बजर टेबलावर. साऊंड लेव्हल मीटर एक फुटावर. दारं-खिडक्या बंद.

वाचन: ८४ डेसिबल.

मीटरची बॅटरी बदलली. ८४.

दुसरा बजर, खराब म्हणून टाकलेला: ८६. पहिला: ८५.

मोबाइलवरून सूर काढून पाहिले. पाचशे हर्ट्झ, ठीक. हजार, ठीक. दीड हजाराला आवाज लांब गेल्यासारखा. दोन हजाराला काटा हलतो, बाकी काही नाही. तीन हजाराला काटा हलतो.

शिवाजी पार्कच्या फेऱ्या आठवल्या. आंटींचा डॅशबोर्डवरचा हात आठवला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल काही केलं नाही. आज मंडळाच्या खोलीत जाऊन मिक्सरवर नवरात्रातल्या खुणा पाहिल्या. शार्पची बटणं मी पार टोकाला नेऊन ठेवली होती. पोरांनी नऊ रात्री ते सहन केलं आणि शेवटच्या दिवशी मला शाल दिली.

रविवार, १७ नोव्हेंबर

बाबांबद्दल लिहितो. फ्रँकच्या वहीत त्यांचं काय काम, पण दुसरी वही नाही.

बाबा लालबागच्या गिरणीत साचाखात्यात होते. जिथे माग चालतात तिथे. एका वेळी कितीतरी शे माग, आवाज असा की भिंतीला टेकलेला माणूस हलायचा. तिथे कुणी ओरडत नसे, उपयोगच नव्हता. सगळे ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचे. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. पोटावर तळहात फिरवला की जेवायची सुट्टी. आणि कुणाला बोलवायचं असेल तर मागून जाऊन खांद्यावर दोन बोटं, दोनदा. दुसऱ्यांदा जरा जास्त दाबून. पहिल्याने माणूस दचकतो, दुसऱ्याने त्याला कळतं की हे कामाचं आहे. मी डबा घेऊन जायचो तेव्हा हे सगळं पाहिलंय. मला तो नाच वाटायचा.

घरीही बाबा तसेच. आम्हाला कधी हाक मारली नाही, खांद्यावर टकटक. आम्हीही तेच शिकलो. चाळीत आमच्या खोलीत सगळे एकमेकांना टकटक करायचे आणि शेजारी हसायचे.

संप होऊन गिरणी गेली. बाबा घरी बसले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा. दारावर कुणी आलं तर त्यांना कळेना. मी जुन्या बाजारातून होल्डर आणला आणि घंटीच्या बटणाला बल्ब जोडला. बटण दाबलं की घंटी वाजणार आणि खोलीत लाल दिवा लागणार. माझं आयुष्यातलं पहिलं वायरिंग. कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांनी दिवसभर तो पाहिला. संध्याकाळी स्टुलावर चढून बल्ब काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी काय बहिरा?"

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. पुढे मी स्पीकरच्या धंद्यात शिरलो. ज्या माणसाला मोठा आवाज लागतो त्याचा मुलगा म्हणून असेल, किंवा नुसतं पोट. मला आजवर वाटत आलं की बाबा अहंकारी होते.

दुपारी कमल बाजारातून आली. दार उघडलं तर तिचा चेहरा लाल. "कदीपासून बेल वाजवतंय. तुमचा लक्ष खंय असता?" मग माझ्याकडे पाहिलं. पिशव्या ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. मी वही मिटली.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बजर काढून टाकला. सर्किट तेच, डायोड तेच, ब्रेकची तार तीच. फक्त टोकाला बजर नको.

भायखळ्याच्या एका गॅरेजमधून सेंट्रल लॉकिंगची मोटर आणली. गाडीच्या दारातलं कुलूप ढकलते ती, एक दांडी पुढे-मागे होते. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत, डाव्या खांद्याच्या उंचीवर, रेक्झिन उसवून आत बसवली. दांडीच्या टोकाला दोन गोल रबर, त्यावर बाजाच्या पेटीतलं फेल्ट. दोन रबरांतलं अंतर माझ्या पहिल्या आणि मधल्या बोटात असतं तितकं. माझे हात बाबांवर गेलेत.

पहिल्यांदा बसून पाहिलं तर हवालदाराने काठी टोचावी तसं लागलं. रेझिस्टन्स वाढवला. मग इतकं हळू की शर्ट सळसळल्यासारखं. चार तास गेले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

दोन टकटकींमधलं अंतर पाव सेकंद ठेवलं होतं. घाईचं वाटलं. बाबांना कसली घाई नसायची. पाव सेकंदाच्या वर थोडं, तीनशे मिलिसेकंद. दुसरी टकटक पहिलीपेक्षा किंचित लांब, म्हणजे दाब वाढतो. मग तीन सेकंद काही नाही. मग पुन्हा.

साडेचारच्या सुमाराला बरोबर जमलं. मी शेडमध्ये एकटा सीटवर बसलो होतो, इंजिन बंद, इंडिकेटर चालू. वीस सेकंद झाले आणि मी मागे वळून पाहिलं.

मागे शेडचा पत्रा होता.

पुन्हा वीस सेकंद थांबलो. वळायचं नाही असं ठरवूनही वळलो.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी, रस्ते मोकळे. बोटाला शाई लावून आम्ही दोघं दादरला गेलो. श्रेया पुन्हा हात मांडीखाली घालून बसली. या वेळी मी मुद्दाम स्विच बंद केला नाही. तीन वळणांवर मुद्दाम, एकदा खरोखर विसरलो. चारही वेळा टकटक झाली, चारही वेळा मी बंद केला. सिग्नलला ब्रेकवर पाय असताना एकदाही नाही.

परत आल्यावर तिने विचारलं, बजर का काढलात. मी म्हटलं, इंजिनाचा आवाज इतका सुंदर आहे, त्यात कशाला ती पिपाणी.

मग तिने पर्समधून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, कानाच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. साडेदहा. रद्द करू?"

मी म्हटलं, रद्द कशाला. त्यांचं यंत्र बरोबर आहे की नाही ते तरी पाहू. मी मीटर घेऊन येणार.

तिने माझ्या दंडावर डोकं टेकलं. केसांना लहानपणीचाच वास, खोबरेल तेलाचा.

रविवार, २४ नोव्हेंबर

नोंद: दादर ते गिरगाव, टिळक ब्रिज, परळ, लालबाग, भायखळा मार्गे. निघालो सकाळी सात दहा. पोहोचलो सात बावन्न. तेल, पाणी, हवा आदल्या दिवशी पाहिली. इंजिन एकदाही तापलं नाही.

आंटींनी फिकट निळा झगा घातला होता आणि गळ्यात मोती. मांडीवर फ्रँकची गोल्फ टोपी. तो कधी गोल्फ खेळला नाही, टक्कल झाकायला घालायचा. वाडीतले सगळे बाहेर आले होते. त्यांचा मुलगा डॅनी मेलबर्नहून फोनवर बघत होता, फोन कोंडीरामच्या हातात, त्यामुळे डॅनीला बराच वेळ नुसतं आकाश दिसलं असणार.

लालबागला उड्डाणपुलाखालून नेली, पुलावरून नाही. बाबांच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे. आंटींना दाखवली. त्या म्हणाल्या, फ्रँक मला सांगायचा, रामूचा बाप इथे होता.

भायखळ्याला उजवीकडे वळलो आणि आंटी काहीतरी सांगत होत्या, लग्नाच्या दिवशी बँडवाले उशिरा आले ते. मी त्यांच्या तोंडाकडे अर्धं लक्ष ठेवून चालवत होतो. इंडिकेटर विसरलो. खांद्यावर टकटक झाली, दोनदा, दुसरी जरा दाबून. मी स्विच बंद केला.

आंटींनी माझा शर्ट हललेला पाहिला. हे काय, विचारलं. सिग्नल लागला होता म्हणून मी गाडी थांबवून, वळून, सगळं सांगितलं. साचाखातं, बाबा, दोन बोटं. आणि म्हटलं, गंमत बघा आंटी, फ्रँकची पण हीच सवय होती.

आंटी माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा सुटा म्हणाल्या, "येवढ्या वर्सांत फ्रँक मला कदी टॅप करून नाय बोलला, रामू. डॅनीला नाय. कुणालाच नाय. एकदा तू शेडमध्ये होतास, त्याने मागून तीनदा हाक मारली. तू वळला नाय. जेवताना मला बोलला, रामूला मागून बोलवू नको, नि त्याला सांगू पण नको."

"कधी?"

"गाडी पास झाली त्याच्या पण आधी."

गाडी पास होऊन रस्त्यावर आली २००९ साली. म्हणजे पंधरा वर्षं, कमीत कमी.

सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही. मागून हॉर्न वाजत असतील. आंटींनी डॅशबोर्डवरचा हात उचलून माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

चर्चच्या दारात गाडी उभी केली. आंटी टोपी घेऊन आत गेल्या. मी बाहेर बॉनेटपाशी थांबलो, माझं तिथे काही काम नव्हतं. मास सुरू झाला असावा, कारण दरवाज्यातून ऑर्गनचे जाड सूर पायाखालच्या लादीतून वर येत होते. बारीक सूर येत नव्हते. ते मी आठवून घातले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

हे गाडीचं काम नाही, तरी इथेच लिहितो.

दाराच्या घंटीच्या बटणाला समांतर एक तार काढली. होल्डर स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या भिंतीवर, दोन्हीकडून दिसेल असा, जमिनीपासून सहा फूट. बल्ब लाल. घंटी तशीच ठेवली, ती कमल आणि श्रेयासाठी.

पाच चाळीसला कमल भाजी घेऊन आली. दिवा लागला. मी जाऊन दार उघडलं. ती आत आली, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे पाहिलं, पिशवी तशीच हातात धरून परत बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि पुन्हा बटण दाबलं.

मी पुन्हा उघडलं.